डावऱ्या हाताच्या काठ्या

माझे वडील, आण्णा, फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी लोखंडी ट्रंक, एक होल्डॉल आणि हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. काकीला वाटलं छत्री असेल. कागद सोडल्यावर आतून लोखंडी पात्याची काठी निघाली. पात्यावर सातचा आकडा कोरलेला होता. काका म्हणाले, ‘‘हे काय रं आणलंस?’’ आण्णा म्हणाले, ‘‘गोल्फची काठी हाय. साहेब लोक खेळत्यात.’’ पुढे कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नोकरीची शेवटची काही वर्षं ते उत्तरेकडच्या एका छावणीत गोल्फच्या मैदानावर हवालदार होते. गवत कापून घेणं, पाणी, झेंडे, माळ्यांची हजेरी, सगळं त्यांच्याकडे असायचं. निरोपाच्या दिवशी कुणीतरी ही जुनी काठी त्यांच्या हातात दिली होती. आमच्या घरात ती दाराआड उभी राहिली, आणि उसात पाणी पाजायला जाताना साप-किरडू निघेल म्हणून आण्णा ती बरोबर नेऊ लागले.

आमचं गाव इस्लामपूरपासून एसटीनं जवळच. हंगामात कारखान्याचा भोंगा घरात ऐकू यायचा आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट चुलीपर्यंत यायचा. त्या भोंग्याच्याही आधी आण्णा उठलेले असत. अंधारात बूट घासण्याचा आवाज यायचा, खर्र खर्र, एका लयीत. कुठे जायचं नसलं तरी बूट चमकलेच पाहिजेत. अंथरुणाची चादर ते इतकी ताणून घालत की तिच्यावर कोणी झोपलं होतं हे सांगून खरं वाटलं नसतं. जेवताना मान खाली. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी, जे पुढे येईल ते खायचं, काही मागायचं नाही, आणि मग स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घालायचं. काकीला याची फार लाज वाटे. ‘‘आवं भावजी, बायामाणसं हायती की घरात,’’ ती म्हणायची. आण्णा ‘‘सवय हाय, वैनी’’ म्हणायचे आणि राखेने ताट घासत राहायचे. पाहुण्याने बेताबेताने राहावं तसं राहणं होतं ते, आणि घर तर त्यांचंच होतं.

माझी आई आदल्या वर्षी गेली होती. पोटात गाठ होती. मिरजेच्या दवाखान्यात ती काही महिने जात-येत होती, शेवटी तिथेच राहिली. आण्णा मातीला पोचू शकले नाहीत. ते आले तेव्हा सावडणंही झालं होतं. दारात बूट काढून ते ओसरीवर बसले आणि गावातली माणसं येऊन त्यांच्याशेजारी बसून गेली. दिवस घालून ते परत नोकरीवर गेले. मी अकरावीला होते. काका-काकी चांगले होते, त्यांची दोन्ही मुलं पुण्याला कामाला होती, आणि काकी मला तिच्या मुलीसारखं करायची. तरीही कॉलेजातून येऊन दप्तर ठेवलं की घरभर एक रिकामी जागा फिरत असायची. मी जाईन त्या खोलीत ती माझ्या आधी पोचलेली असे. आण्णा कायमचे आल्यावर ती कमी होईल असं सगळे म्हणाले होते. ती कमी झाली नाही. आता त्या जागेत आम्ही दोघं होतो, इतकाच फरक.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी घरी कोणी नव्हतं. मी ती काठी उचलली, आण्णांच्या ट्रंकेत मोज्यात बांधून ठेवलेल्या पिवळट चेंडूंतला एक घेतला आणि गावामागच्या गायरानात गेले. का गेले हे आजही मला नीट सांगता येणार नाही. कुठेतरी जायचं होतं आणि हातात काहीतरी हवं होतं. पहिल्यांदा काठी हवेतच फिरली. मग जमिनीत रुतली, हाताला झिणझिण्या आल्या. असं बऱ्याचदा झाल्यावर एकदा ती चेंडूला कशीतरी लागली, टक् असा कोरडा, छोटासा आवाज झाला आणि चेंडू बाभळीच्या दिशेने गेला. फार लांब नाही. पण त्या आवाजापुरतं माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आई गेल्यापासून असा क्षण आला नव्हता.

मागे आण्णा उभे होते. डोक्यावर वैरणीचा भारा होता. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, ‘‘उलटी हुबी ऱ्हायलीस.’’

‘‘मी डावरी हाय.’’

त्यांनी भारा खाली ठेवला. ‘‘कवापासनं?’’

‘‘जल्मापासनं,’’ मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाभळीकडे. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा सुट्टीवर यायचे. घर माणसांनी भरलेलं असायचं, आणि वाढताना उजवा हातच वापरायचा अशी आईची शिस्त होती. त्यांना आमटी वाढणारा माझा उजवा हात तेवढा त्यांनी पाहिला होता. लिहिताना, केस विंचरताना, दगड मारताना त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. हे लिहिताना मला वाईट वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं होतं. घरी येताना मी मुद्दाम त्यांच्या पुढे चालत होते.

दुसऱ्या दिवशी मात्र तेच म्हणाले, ‘‘चल, दावतो.’’ ते माझ्या समोर उभे राहिले. ते उजवे, मी डावरी, त्यामुळे आरशात बघावं तसं त्यांचं बघून मला करता यायचं. पाय किती फाकवायचे, गुडघे किती वाकवायचे, काठी मुठीत कशी धरायची. चिमणी धरल्यासारखी धर, ते म्हणायचे, मरायची न्हाई आणि उडायची न्हाई. नंतर माझ्या लक्षात आलं की ते स्वतः कधी चेंडू मारत नाहीत. विचारलं तर म्हणाले, ‘‘आमी मारत न्हवतो. बघत हुतो.’’ इतकी वर्षं ते मैदानावर राहिले होते आणि त्यांनी एकही चेंडू मारला नव्हता. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पण काठीची अडचण होती. गोल्फच्या काठीला एकच तोंड असतं. उजव्या माणसाची काठी डावऱ्याने धरली की चेंडूला पात्याची पाठ लागते, आणि ती पाठ गोलसर असते. चेंडू कुठेही पळतो. विळ्याचंही तसंच असतं. विळ्याचे दाते उजव्या हातासाठी पाडलेले असतात, म्हणून गवत कापताना माझं नेहमी काकीपेक्षा निम्मं व्हायचं आणि मला वाटायचं माझाच हात मंद आहे. आण्णांनी थोडे दिवस पाहिलं आणि एका गुरुवारी म्हणाले, ‘‘सांगलीला जाऊन बघू.’’

सांगलीत खेळाच्या सामानाचं मोठं म्हणावं असं एक दुकान होतं. क्रिकेटच्या बॅटींचा तेलकट वास, छताला टांगलेले फुटबॉल, काचेत ढाली आणि कप. गोल्फ म्हटल्यावर मालकांनी आधी हॉकीची काठी काढली. मग हसून म्हणाले, ‘‘थांबा, एक हाय माझ्याकडं. एका डॉक्टरसाहेबांनी मागवला आणि नेलाच न्हाई,’’ आणि माळ्यावरून एक लांब खोका उतरवला. आत चकचकीत संपूर्ण सेट होता, काळ्या-लाल पिशवीसकट. टोपी घातलेली लाकडी डोक्याची मोठी काठी बघून मला तीच घ्यावीशी वाटली. आण्णांनी ती बाजूला ठेवली. ‘‘ही सगळ्यात शेवटी,’’ ते म्हणाले. त्यांनी सात नंबरची काढून माझ्या हातात दिली. मी नेहमीसारखी उभी राहिले आणि पात्याचं तोंड माझ्या मागे गेलं.

मालक म्हणाले, ‘‘ताई उलट्या उभ्या राहिल्या.’’

‘‘डावरी हाय ती,’’ आण्णा म्हणाले. ‘‘डावऱ्याचं मिळंल का?’’

‘‘डावऱ्याचं येत न्हाई ओ. मुंबईला बी मुश्कील. आणि मी सांगू का, नवीन शिकतायत ना? मग उजव्यानंच शिकवा. सवय लावली की लागते. बॅट धरत्यात की किती जण.’’

माणूस वाईट नव्हता. आमचं भलंच सांगत होता. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘जमंल?’’ त्यांनी विचारलं. मी उजव्या बाजूने उभी राहून पाहिलं. दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं वाटलं. मी काठी त्यांच्या हातात परत दिली. आण्णांनी ती हळूच खोक्यात परत ठेवली, मोठ्या काठीची टोपी नीट केली आणि ‘‘त्रास दिला’’ म्हणून मालकांना नमस्कार केला.

अजूनही लोक मला विचारतात, मुलाला गोल्फ शिकवायचाय, कुठला सेट घेऊ? मी आता सांगलीतच लोकांच्या पाठी-खांद्यांवर उपचार करते, आणि मी गोल्फ खेळते हे कसं कुणास ठाऊक सगळ्यांना माहीत असतं. मी सांगते, सेट घेऊच नका. तीन-चार काठ्या घ्या, जुन्या चालतील. मुलाच्या उंचीच्या घ्या, वाढत्या अंगाच्या शाळेच्या गणवेशासारख्या मोठ्या घेऊ नका. बूट आहेत तेच चालतील. आणि आधी बघा, ते कुठल्या बाजूला उभं राहतं. शेवटच्या वाक्याला आईबाप हसतात. त्यांना ते इतकं साधं वाटतं.

त्या दिवशी सांगलीहून परतताना आण्णा खिडकीबाहेर बघत होते. आष्टा मागे पडल्यावर म्हणाले, ‘‘एक ठिकाण हाय. साताऱ्याला आमचं कर्नलसाहेब ऱ्हात्यात, रिटायर हून. मेमसाब डावऱ्या हुत्या.’’

‘‘हुत्या?’’

‘‘गेल्या.’’

त्यानंतर बरेच दिवस ते त्यावर बोलले नाहीत. मग एका रविवारी काकीकडून गुळाची ढेप आणि हळदीची पुडी बांधून घेतली, पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, ‘‘निघायचं का?’’ काकीने वाटेत खायला धपाटे दिले. कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही साताऱ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पण थंडी गेली नव्हती.

कर्नलसाहेबांचं घर किल्ल्याच्या बाजूला, चढावर होतं. लहान बंगला, पुढे गवताचा तुकडा, नुकताच कापलेला. दार त्यांनीच उघडलं. अंगात कोपरावर विरलेला स्वेटर होता. आण्णा ताठ झाले, टाचा जुळल्या, ‘‘जयहिंद, साब.’’ मी त्यांचा असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. साहेब म्हणाले, ‘‘बस करा, हवालदार. आता दोघेही घरची माणसं आहोत,’’ आणि त्यांचा हात धरून आत नेलं. आण्णा खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चहा साहेबांनीच केला. कप तीन होते आणि तिघांचे तीन प्रकारचे. घरात दुसरं कोणी असल्याची काही खूण नव्हती. मधूनच ते वाक्य अर्धवट सोडायचे, जणू कोणी आतून ते पूर्ण करील. मग आपणच ते पूर्ण करायचे.

जिन्याखालच्या कपाटातून त्यांनी निळ्या कॅनव्हासची पिशवी काढली आणि एकेक काठी दिवाणावर चादरीवर मांडली. पिशवीला जुन्या चामड्याचा आणि वाळलेल्या गवताचा वास होता. ‘‘सगळ्या ने म्हटलं तर घाबरशील,’’ ते मला म्हणाले. ‘‘नवीन माणसाला इतक्या लागत नाहीत. उभी राहा. हात सोड.’’ त्यांनी माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर नजरेनेच मापलं. ‘‘मालतीपेक्षा तू जरा उंच आहेस. चालेल. बायकांच्या काठ्या हलक्या असतात, दांडा लवतो, तुझ्या वयाला त्याच बऱ्या.’’ मग मुठी बघितल्या. बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतली तर मूठ बारीक, पोचली नाहीत तर जाड. मुठीवरचं रबर कडक झालं होतं. ‘‘साबणाच्या कोमट पाण्याने धू, पुन्हा पकड येईल,’’ ते म्हणाले. हातमोजा एकच असतो आणि डावऱ्याने तो उजव्या हातात घालायचा, हे मला तेव्हा कळलं. तो मला थोडा घट्ट झाला. मोठ्या डोक्याची काठी मी उचलल्यावर ते हसले. ‘‘ही सगळ्यांना आधी आवडते. सगळ्यांत जास्त रडवतेही. पुढे कधीतरी.’’

आम्ही बाहेर गवतावर गेलो. त्यांनी मला सात नंबरची दिली. मी माझ्या बाजूने उभी राहिले, आणि पातं समोर बघत होतं, जिकडे मला जायचं होतं तिकडे. मी ती नुसती फिरवली. चेंडू नव्हता. गवताला ओझरती लागून ती वर गेली आणि सगळं अंग तिच्यामागे सहज वळलं. जगात एखादी वस्तू माझ्या बाजूने बनवलेली असू शकते हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. मी आण्णांकडे पाहिलं. ते हसत होते. त्यांचे खालचे दात मला पहिल्यांदाच दिसले.

सात, नऊ, वाळूतून चेंडू काढायची रुंद पात्याची एक आणि लाकडी डोक्याची एक लहान, अशा चार काठ्या साहेबांनी बाजूला केल्या. मग पिशवीत राहिलेली एक त्यांनी काढली, पण ती चादरीवर ठेवली नाही, हातातच धरली. चपट्या तोंडाची, बुटकी. ‘‘हा पटर,’’ ते म्हणाले. ‘‘चेंडू शेवटी भोकात घालायचा तो याने. शेवटच्या वर्षात मालती एवढंच खेळायची. चालवत नव्हतं तिला. तुझे वडील रोज संध्याकाळी तिला ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, घेऊन जायचे. खुर्ची न्यायचे. ती मारायची, हे चेंडू वेचून परत तिच्यापुढे ठेवायचे. मला ते बघवायचं नाही. मी ऑफिसात बसून राहायचो.’’

‘‘साब, जाऊ द्या,’’ आण्णा म्हणाले.

‘‘का जाऊ द्या? मुलीला कळू दे. दिवाळीत मी म्हणालो, हवालदार, सुट्टी घ्या, घरी जाऊन या. तर म्हणाले, मेमसाब एकट्या पडतील. गेले नाहीत. हे मी विसरणार नाही.’’

ती कुठली दिवाळी हे मला विचारावं लागलं नाही. त्या दिवाळीत आई उशीला टेकून करंज्यांचं सारण करत होती, कारण आण्णांना खोबऱ्याचं आवडायचं. आण्णांचा फोन आला होता, सुट्टी मिळत नाही म्हणून. मग त्या करंज्या कॉलेजच्या डब्यात मीच बरेच दिवस नेल्या. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या आईच्या आजाराचं आण्णांनी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते पटर माझ्यापुढे धरून उभे होते.

‘‘हा नको,’’ मी म्हणाले.

‘‘पटरशिवाय खेळ पुरा होत नाही, बेटा.’’

‘‘मला नको.’’

साहेबांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णा जमिनीकडे बघत होते. साहेबांनी आणखी आग्रह केला नाही. त्यांनी तो पटर पुन्हा निळ्या पिशवीत ठेवला आणि पिशवी कपाटात लावून दिली. मला वाटतं, त्यांनाही तो द्यायचा नव्हता. चार काठ्या त्यांनी सुतळीने बांधून दिल्या. आम्ही फाटकाबाहेर पडलो तरी ते गवताच्या तुकड्यावर उभेच होते, हात स्वेटरच्या खिशात घालून.

कऱ्हाडच्या स्टँडवर इस्लामपूरची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो, मध्ये काठ्या. आण्णांनी चहा आणला. मी घेतला नाही. धपाट्यांची पुरचुंडी तशीच होती.

‘‘सुट्टी मिळत न्हाई म्हनाला हुता तुमी,’’ मी म्हणाले.

‘‘व्हय.’’

‘‘मिळत हुती.’’

‘‘व्हय.’’

गाड्या येत होत्या, जात होत्या. कंट्रोलर गावांची नावं पुकारत होता. मग आण्णा बोलले, माझ्याकडे न बघता. ‘‘मेमसाब रोज डोळ्यांम्होरं हुत्या, रेश्मे. काल पायरी चढल्या, आज थांबल्या. काल बांगडी मनगटात हुती, आज कोपरापर्यंत घसरली. समदं दिसायचं. तुझी आई फोनवर हुती. मी बरी हाय म्हनायची. उसाला तोड आली, रेश्मीला चांगलं मार्क पडलं. फोनवर ती बरी हुती.’’

‘‘तुमी यायला पायजे हुतं.’’

‘‘तिनं कवा म्हनलं न्हाई.’’

‘‘म्हनायला लागतं व्हय?’’

चहाचे दोन्ही कप उचलून ते टपरीवर ठेवायला गेले, आणि मी पाहिलं की माझा भरलेला कप त्यांनी सांडू न देता, दोन्ही हातांनी धरून नेला.

त्यानंतर मी एकटीच गायरानात जाऊ लागले. आण्णा यायचे नाहीत, मी बोलावलं नाही. आमच्यात भांडण नव्हतं. ‘‘पाणी ठेवलंय,’’ ‘‘गाडी आली,’’ एवढं बोलणं व्हायचं. काकी दोघांकडे बघून उसासा टाकायची आणि भाकरी थापायची. काठ्या मात्र माझ्या होत्या. रबर साबणाच्या पाण्याने धुतलं, त्याला खरंच पकड आली. सातने मारायचं, चालत जायचं, चेंडू शोधायचा, पुन्हा मारायचं. शेरडं राखणाऱ्या बायका आधी थांबून बघायच्या, मग त्यांनाही सवय झाली. या खेळात बोलायला कोणी लागत नाही, आणि कोणी नाही हेही सतत कळत राहतं. पन्नास पावलांवर एक पिवळट ठिपका पडलेला असतो, तिथे जायचं, म्हणजे कुठेतरी जायचं असतं. दिवस असे गेले. जवळ येऊन चेंडू भोकात घालायचा सराव मी केलाच नाही. पुढे पुण्याला एका स्पर्धेत मी लांबचे फटके सगळ्यांसारखे मारले आणि भोकाजवळच्या शेवटच्या दोन टोल्यांवर हरले. आजही ते मला नीट जमत नाही.

कारखान्याचा हंगाम संपत आला होता. शेवटची तोड झाली, पाचट पेटवलं, आणि सगळ्या शिवारावर काळी राख होती. त्या संध्याकाळी आण्णा गायरानात आले. लांब उभे राहिले. मी मारलेला चेंडू त्यांच्या अंगावरून पलीकडे गेला तसे ते त्याच्यामागे गेले, उचलून आणला आणि माझ्या पायापुढे ठेवला. मी मारला. त्यांनी पुन्हा आणला. असं काही वेळ चाललं. मला ते नको होतं, पण मी थांबायला सांगितलं नाही.

मग चेंडू त्यांनी खाली ठेवला नाही. मुठीत धरून म्हणाले, ‘‘मला सांग.’’

‘‘काय?’’

‘‘ती कशी गेली ते. मी कुनाला इचारलं न्हाई. मला कुनी सांगितलं न्हाई.’’

मला वाटलं होतं, सांगायचं त्यांनी आहे. इतके महिने मी त्याची वाट बघत होते. ते समोर उभे होते, मावळतीला पाठ करून, आणि मला पहिल्यांदा उमगलं की त्यांच्याकडे सांगायला काहीच नाही. आईचं ते सगळं वर्ष माझ्याकडे होतं. त्यांच्याकडे फक्त फोन होते.

मी सुरुवात केली. पहिल्यांदा तिला दुधाची किटली उचलवेना, तिथपासून. मिरजेच्या दवाखान्यातली तिची खाट खिडकीजवळ होती आणि खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं, म्हणून तिला सारखं आंबट खावंसं वाटायचं. शेजारच्या खाटेवरच्या जैन आजीबाईंशी तिची मैत्री झाली होती, आणि त्या घरी गेल्या तेव्हा ती दोन दिवस रुसली. केस गेले तेव्हा काकीने जुन्या लुगड्याचा मऊ रुमाल शिवला. तुमचा फोन यायचा तेव्हा ती आधी उठून बसायची, पाणी प्यायची, घसा खाकरायची. पडून बोललं की आवाज बदलतो म्हणायची.

‘‘उठवून कोन बसवायचं?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

आण्णा गवतात खाली बसले. राखेत पँट काळी होईल याचा त्यांनी विचार केला नाही. मीही बसले, जरा अंतर ठेवून. खालच्या रस्त्याने एक रिकामी बैलगाडी घराकडे चालली होती, घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. ते रडले नाहीत, मीही नाही. मी थांबले की ते मान न उचलता म्हणायचे, ‘‘आन्खी सांग.’’ मी सांगत गेले. शेवटच्या सकाळपर्यंत आले, तिथे मात्र मला पुढे जाता येईना. त्यांनी घाई केली नाही. अंधारून आलं, गावात दिवे लागले, काकीची हाक ऐकू आली. आम्हा दोघांपैकी कोणीच ओ दिली नाही. मग मी उरलेलं सांगितलं.